डब्ल्यूपी इंजिनाचं एवढं कौतुक खरंच रास्त आहे का?

प्रश्न असा आहे की, डब्ल्यूपी क्लासचं वाफेचं इंजिन रेल्वेवेड्या मंडळींनी एवढं डोक्यावर का घेतलंय, ते खरंच तेवढं भारी होतं की नुसतं ते बंदुकीच्या गोळीसारखं नाक आणि त्यावरचा चांदीचा तारा बघून लोक भाळलेत? आणि ज्याने ते चालवलंय त्याने सांगावं, असंही विचारलंय. तर सांगतो. मी मध्य रेल्वेवर 1974 ला क्लीनर म्हणून लागलो, मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन, म्हणजे इंजिनाच्या आगीत कोळसा टाकणारा, बारा वर्षं वाफेवर काढली, पुढे डिझेलवर गेलो आणि लोको इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. डब्ल्यूपी आणि मालगाडीचं डब्ल्यूजी, दोन्हींच्या आगीसमोर उभा राहिलोय, त्यामुळे जे लिहितोय ते हाताला चटके बसून लिहितोय.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. कौतुक रास्त आहे, पण लोक ज्या गोष्टीचं करतात तिचं नाही. लोक पुढून फोटो काढतात, आणि त्या इंजिनाची सगळी करामत मागे आहे, फूटप्लेटच्या, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या जागेच्या खाली, जिथे आग असते तिथे.

आधी नाकाचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. ते नाक म्हणजे स्मोकबॉक्सच्या, बॉयलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या धुराच्या पेटीच्या, तोंडावर चढवलेलं पत्र्याचं आवरण, मधोमध हेडलाईट आणि त्याभोवती तारा रंगवलेला. हवेला चिरून जाण्यासाठी ते बनवलंय असं पुष्कळ जण सांगतात, पण ताशी शंभरच्या वेगाला त्याने पडणारा फरक नगण्य, आणि आमचं इंजिन बहुतेक वेळ त्याहून कमीच धावायचं. उलट क्लीनरला विचारा त्या नाकाचं, रोज स्मोकबॉक्स उघडून आत साठलेली अर्धवट जळालेली कोळशाची चरी फावड्याने बाहेर काढायची, आणि पुढे ते नाक मध्ये मध्ये येणार, उभं राहायला नीट जागा नाही, हात पोचत नाही. पण एक मान्य करतो, दिसायला ते देखणं होतं आणि त्या देखणेपणाचा शेडमध्ये उपयोगही झाला. शेडाशेडांत चढाओढ असायची, कुणाचं डब्ल्यूपी जास्त चकाकतं, कुणी पितळी पट्ट्या लावतंय, कुणी तिरंगी रंगवतंय, आणि ज्या इंजिनाला माणूस असं घासूनपुसून ठेवतो त्याचा एखादा बोल्ट ढिला झाला तर तो लवकर नजरेला पडतो. मी स्वतः तेलात भिजवलेल्या कॉटन वेस्टने तासन्‌तास ते कनेक्टिंग रॉड पुसलेत, आणि असं पुसतानाच एका रॉडच्या टोकाला केसासारखी बारीक चीर दिसली होती. रॉड तुटून खाली लागला असता तर काय झालं असतं हे रेल्वेवाल्याला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. हे इंजिन का बनवावं लागलं ते कळल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे मेल आणि पॅसेंजर गाड्या ओढायची ती ब्रिटिश पद्धतीची 4-6-0 इंजिनं. हे आकडे म्हणजे चाकं, पुढची लहान चार, मधली मोठी ओढणारी सहा, मागे काही नाही. फार प्रामाणिक इंजिनं होती ती, पण त्यांचा फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, फ्रेमच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकलेला, लांब आणि अरुंद, म्हणजे चांगल्या कोळशासाठी बनवलेला. आपला चांगला कोळसा महाग व्हायला लागला आणि रेल्वेच्या वाट्याला राखेचा कोळसा यायला लागला तसं 1920 च्या दशकात नव्या स्टँडर्ड डिझाईन आल्या, एक्सए, एक्सबी, एक्ससी, ही सगळी 4-6-2, म्हणजे पॅसिफिक. शेवटचं ते 2 जे आहे ना, ती मागची लहान दोन चाकं, ती आगीसाठी आहेत. त्यांच्यावर फायरबॉक्स टेकवला की तो मोठ्या चाकांच्या मागे येतो आणि दोन्ही बाजूंना पसरू शकतो, फ्रेमच्या अडचणीतून सुटतो. कल्पना अगदी बरोबर होती.

पण एक्सबी इंजिनं वेगात गेली की डुलायची. रुळावर डावीकडे-उजवीकडे अशी नागमोडी, ज्याला आम्ही हंटिंग म्हणतो, आणि ती नुसती डुलायची नाहीत तर रूळच वाकडे करायची. 17 जुलै 1937 ला पाटण्याजवळ बिहटा इथे पंजाबहून हावड्याला जाणारी एक्सप्रेस घसरली, पुढे एक्सबी होतं, शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी बसली, तिच्यात इंग्लंडहून विल्यम स्टॅनियरसारखे माणूस आले, ते तिकडे लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे चीफ मेकॅनिकल इंजिनिअर होते, आणि 1939 ला रिपोर्ट आला. साध्या भाषेत सांगायचं तर पुढच्या बोगीला, म्हणजे पुढच्या चार लहान चाकांच्या गाड्याला, बाजूला सरकू द्यायचं पण मोकाट सरकू द्यायचं नाही, परत मध्ये खेचणारी ताकद पुरेशी पाहिजे, ती एक्सबीत कमी पडत होती, आणि त्यात रुळाची अवस्थाही तशीच.

मी हे लांबण लावतोय कारण कुणी डब्ल्यूपीला नुसतं सुंदर म्हटलं की मला बिहटा आठवतं. डब्ल्यूपी कागदावर येत होतं तेव्हा डिझाईन करणाऱ्यांसमोर दोन अटी होत्या, आपल्या राखेच्या कोळशावर स्टीम बनलं पाहिजे आणि आपल्या रुळावर सरळ धावलं पाहिजे. मधे दुसरं महायुद्ध आलं, युद्धकाळात अमेरिकेहून आणि कॅनडाहून एडब्ल्यूडी, सीडब्ल्यूडी अशी मालगाडीची इंजिनं आपल्याकडे आली, दणकट, सगळं उघड्यावर, दुरुस्तीला सोपी, आणि आपल्या लोकांना ती पद्धत आवडली. म्हणून डब्ल्यूपीची पहिली सोळा इंजिनं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून आली, 1947 साली, नंबर 7200 ते 7215. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. नंतर अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया इथून आली आणि शेवटची 259 आपल्या चित्तरंजनला बनली, 1963 ते 1967 मध्ये. एकूण 755.

जाता जाता एक, नंबर बघून वय ओळखायला जाऊ नका, भले भले चुकतात. हरियाणात रेवाडीच्या स्टीम शेडला ठेवलेलं 7200 ‘आझाद’ हे 1947 चं बाल्डविन, आणि तिथलंच 7161 ‘अकबर’ नंबराने लहान पण चित्तरंजनचं, 1965 चं. चित्तरंजनच्या इंजिनांना मागचे रिकामे नंबर दिले म्हणून असं झालं.

आता आगीकडे या. डब्ल्यूपीच्या जाळीचं क्षेत्रफळ 46 चौरस फूट. जाळी म्हणजे फायरबॉक्सच्या तळाची ग्रेट, जिच्यावर कोळसा जळतो. 46 चौरस फूट म्हणजे एक बऱ्यापैकी मोठा डबल बेड, आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात, हलत्या इंजिनात उभं राहून, एका भोकातून फावड्याने कोळसा फेकायचा. यंत्राने कोळसा टाकायची सोय नव्हती, सगळं हाताने. म्हणून एका डब्ल्यूपीवर दोन फायरमन, सेकंड फायरमन टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून, कोळसा पुढे ओढणार, मोठे दगड हातोड्याने फोडणार, आणि फर्स्ट फायरमन आग सांभाळणार.

आमच्या वाट्याचा कोळसा कसा असायचा, तर शंभर किलो टाकला की पंचवीस-तीस किलो राखच. अशा कोळशाचा जाड थर दिला की खालून हवा वर येत नाही, राख वितळून एकमेकीला चिकटते आणि काळ्या काचेसारखी लादी तयार होते, ती क्लिंकर. एकदा क्लिंकरने जाळी बुजली की मग तुम्ही वरून कितीही कोळसा ओता, तो नुसता काळा धूर देणार, स्टीम नाही. उपाय एकच, पातळ आग. कोळसा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, पसरून. आणि पातळ आगीत इंजिनाला लागेल तेवढी उष्णता मिळायची तर जाळी मोठीच लागते. अरुंद जाळीवर तेवढाच कोळसा जाळायचा तर दर फुटामागे जास्त जाळावा लागतो, थर जाड होतो, हवा जोरात खेचावी लागते, आणि अर्धा बारीक कोळसा न जळताच चिमणीतून उडून जातो. डब्ल्यूपी ही अडचण जागेने सोडवतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक रात्र सांगतो.

ऑगस्ट महिना, धो धो पाऊस, अकरा डब्यांची गाडी, सिंगल लाईन. त्या दिवशी शेडमधून टेंडर भरून मिळालं ते सगळं ओलं भुसकट, मूठ वळली तर लाडू होईल असं. आमचे ड्रायव्हर, त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे, त्यांनी टेंडरवर टॉर्च मारली, काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, “बाळा, आज दार कमी उघड.” म्हणजे फायरबॉक्सचं दार. कारण दार उघडलं की थंड हवा थेट आत जाते आणि आगीचं तापमान बसतं.

पहिले तीस किलोमीटर ठीक गेलं. डब्ल्यूपीचं काम 210 पौंड प्रेशरचं, काटा दोनशेच्या आसपास होता. मग हळूहळू उतरायला लागला. 190, 180. मी चिमणीकडे बघतोय, धूर काळाकुट्ट, म्हणजे हवा मिळत नाहीये. पुढच्या डाव्या कोपऱ्यात आगीचा रंग लाल पडलेला, बाकी ठिकाणी पिवळसर पांढरा. तिथे क्लिंकर धरलं होतं. 160. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, स्टीम कमी झालं म्हणजे नुसती गाडी हळू होते असं नाही, आमचे ब्रेक व्हॅक्यूमचे होते, तो व्हॅक्यूम इंजिनच्या स्टीमवर बनतो, स्टीम पडलं की व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेक आपोआप लागायला लागतात, गाडी मधेच जंगलात उभी.

उस्तादांनी हात पुढे करून इंजेक्टर बंद करायला लावला. इंजेक्टर म्हणजे टेंडरमधलं पाणी बॉयलरमध्ये ढकलणारं. थंड पाणी आत जाणं थांबलं की प्रेशर थोडं सावरतं, पण बॉयलरमधली पाण्याची पातळी उतरत जाते, ते पाणी उसनं घेण्यासारखं असतं, परत फेडावं लागतं. गेज ग्लासमध्ये पाणी अर्ध्यावरून पाव वर आलं. त्याच्या खाली गेलं तर फायरबॉक्सच्या छताचं लोखंड उघडं पडतं, आणि मग छतातला शिशाचा प्लग वितळतो, किंवा त्याहून वाईट. मी एक डोळा काचेवर, एक डोळा काट्यावर. उस्तादांनी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे स्टीम सोडणारा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा ठेवला आणि कटऑफ कमी करत आणला, म्हणजे सिलिंडरमध्ये थोडं स्टीम घ्यायचं आणि ते पुरेपूर पसरू द्यायचं. कमी स्टीममध्ये तेवढीच गाडी ओढायची कला ती. पुढच्या स्टेशनवर गोळा देऊन दुसरा गोळा घेतला, गोळा म्हणजे सिंगल लाईनचं टोकन, आणि नेमकं समोरून क्रॉसिंग होतं, बारा-तेरा मिनिटं मिळाली.

काटा दीडशेवर होता तेव्हा. ब्लोअर, म्हणजे चिमणीत स्टीम सोडून आगीतून हवा खेचणारी नळी, पूर्ण उघडला, लांब लोखंडी सळई, आम्ही तिला प्रिकर म्हणायचो, ती दारातून आत घातली आणि त्या कोपऱ्यातली लादी खालून उचकटली. सळई पांढरी झाली तापून, हाताला पोत्याचं फडकं गुंडाळलेलं ते जळायला लागलं, पण लादी सुटली, तुकडे झाले, खालून हवा आली आणि त्या कोपऱ्यात आग कशी फुलली! मग त्याच भिजक्या भुसकटाचे पातळ थर, फावडं उलटं करून पसरत पसरत. सिग्नल पडला तेव्हा काटा 195 वर आणि पाणी अर्ध्या काचेच्या वर. बारा मिनिटांत. जंक्शनला पोचलो तेव्हा गाडी अकरा मिनिटं लेट होती, बस्स.

मी पुढे जुन्या 4-6-0 वरही ड्युटी केलीय, शटल गाड्यांना. त्या अरुंद फायरबॉक्समध्ये असं क्लिंकर धरलं असतं तर तेरा मिनिटांत काही झालं नसतं, आग अर्धी खाली पाडून पुन्हा बांधावी लागली असती, म्हणजे तासाची निश्चिंती. माणूस चुकला, कोळसा वाईट आला, पाऊस आला, तरी परत सावरायची संधी देणारं इंजिन ते डब्ल्यूपी. आम्ही शेडमधले लोक ज्याला चांगलं इंजिन म्हणतो ते हे. एकदा शंभरच्या वर पळालं म्हणून ते चांगलं ठरत नाही.

सरळ धावण्याचंही तसंच. 5 फूट 7 इंचाचं चाक, ताशी 100 किलोमीटरला ते मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा फिरतं, सेकंदाला पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला चिमणीतून चार ठोके. म्हणजे सेकंदाला वीस ठोके, ते वेगळे ऐकू येतच नाहीत, नुसती एक सलग घरघर. त्या वेगाला नीट ठेवलेलं डब्ल्यूपी रुळावर बसून चालायचं. नीट ठेवलेलं, हे मुद्दाम लिहितोय. ऍक्सलबॉक्स, म्हणजे चाकांच्या आसाची बेअरिंगं, झिजलेलं डब्ल्यूपी म्हणजे शिक्षा होती, गुडघ्यापासून दातापर्यंत सगळं हलायचं, आणि ओव्हरहॉलची तारीख उलटून गेलेली अशी इंजिनं शेवटच्या काळात पुष्कळ फिरत होती. एका शेडने तर मला सलग तीन महिने असं एक इंजिन दिलं, रोज दुरुस्तीच्या वहीत बुक करायचो आणि रोज “स्पेअर नाही” असा शेरा मारून परत यायचं. ते इंजिनाचं दुखणं नव्हतं, त्याची देखभाल कुणी करत नव्हतं हे दुखणं होतं. हल्ली व्हिडिओत डब्ल्यूपीचा धक्के देणारा कॅब दाखवून कुणी डिझाईनला नावं ठेवतं तेव्हा म्हणून राग येतो.

खरे दोष नाहीत असं नाही. गाडी सुटताना घसरायचं. ओढणारे ऍक्सल तीनच, प्रत्येकावर साधारण साडेअठरा टन, आणि जोर लावला की पॅसिफिक इंजिन किंचित मागे बसतं, वजन मागच्या लहान चाकांवर सरकतं. पावसात चढावर गाडी सुरू करायची तर वाळू सोडत, रेग्युलेटर चिमटीने उघडत, अक्षरशः मिनतवारी करावी लागायची. पाणी आणि कोळसा दोन्ही भरपूर खायचं. आणि फूटप्लेटवर मे महिन्यात जी भट्टी असायची ती शब्दांत सांगण्यापलीकडची, गुळाचा खडा आणि पाणी यावर आम्ही दिवस काढायचो.

तुलना करायची तर लोक इंग्लंडच्या फ्लाइंग स्कॉट्समनशी करतात, 4472 नंबरचं, 30 नोव्हेंबर 1934 ला अधिकृतपणे ताशी 100 मैल नोंदवलेलं. ते फार मोठं इंजिन आहे, त्याला कमी लेखायचं नाही. पण त्याला तीन सिलिंडर, तिसरा आत फ्रेमच्या मधे, त्याची व्हॉल्व्ह चालवणारी दांड्यांची रचना बाहेरच्या दोन्हींवरून फिरवलेली, सांध्यात झीज आली की मधल्या सिलिंडरचं वेळापत्रक बिघडतं. उत्तम कारखाना, निष्णात फिटर, वेळेवर देखभाल असेल तिथे ते शोभतं. डब्ल्यूपीला दोनच सिलिंडर, दोन्ही बाहेर, सगळ्या दांड्या डोळ्यासमोर. तेलाची बुधली घेऊन जमिनीवर उभं राहून सगळीकडे हात पोचतो, खड्ड्यात उतरायची गरज कमी. कंदील नसलेल्या आडबाजूच्या शेडमध्ये, दोन पान्यांवर चालवायचं इंजिन होतं ते. ज्या देशासाठी बनवलं त्या देशाच्या मापाचं.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. डब्ल्यूपीचं कौतुक करताय ना, करा, पण मग डब्ल्यूजीचं का नाही करत? डब्ल्यूजी म्हणजे मालगाडीचं, 2-8-2, 1950 पासून 1970 पर्यंत बनलेलं, संख्येने 2450, म्हणजे डब्ल्यूपीच्या तिपटीहून जास्त. चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला तो डब्ल्यूजीवर, पहिलं इंजिन 8401 ‘देशबंधू’, आणि ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बनलं तेही डब्ल्यूजीच, जून 1970, नंबर 10560, नाव ‘अंतिम सितारा’. आणि बॉयलर? तोच. डब्ल्यूपीचाच. तीच 46 फुटांची जाळी, तेच 210 पौंड. ज्या आगीचं मी एवढं कौतुक केलं ती आग दोघांची एकच आहे. चाकं लहान, 5 फूट दीड इंच, सिलिंडर जाड, म्हणून ओढायची ताकद डब्ल्यूपीच्या 30,600 पौंडांच्या जागी जवळजवळ 38,900 पौंड, आणि ओढणारे ऍक्सल चार, त्यामुळे घसरणंही कमी. धान्य, कोळसा, सिमेंट, खत, पोलाद, सगळं त्याने ओढलं, आणि गरज पडली की पॅसेंजरही ओढली. दुष्काळाच्या वर्षांत धान्याच्या गाड्या कुणी ओढल्या असं वाटतं तुम्हाला? पण त्याला नाक नाही, तारा नाही, मेल एक्सप्रेसच्या पुढे फोटो नाही. समोरून साधं गोल तोंड, कोळशाने माखलेलं. म्हणून त्याचे फोटो कमी, पोस्टर कमी, जपून ठेवलेली इंजिनं कमी.

म्हणून मी म्हणतो की डब्ल्यूपीची लोकप्रियता खरी आहे पण अर्धी चुकीच्या खात्यावर जमा झालीय. बिहटाचा धडा आणि रुंद आग, हे डब्ल्यूपीचं श्रेय, आणि त्यातली आग डब्ल्यूजीच्याही नावावर लिहायला हवी.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी एक सांगतो, कारण बरेच जण विचारतात की मुंबईत डब्ल्यूपीचे फोटो का दिसत नाहीत. मुंबईहून पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत 1930 च्या सुमारालाच वीज आली होती, घाटात मालगाड्यांना ज्याला खेकडा म्हणायचे ते इलेक्ट्रिक इंजिन, आणि मेलला दुसरी इलेक्ट्रिक. डेक्कन क्वीन तर 1 जून 1930 ला सुरू झाली तीच विजेवर. त्यामुळे मध्य रेल्वेवर वाफेचं खरं राज्य घाटमाथ्याच्या पलीकडे होतं. बोरीबंदरच्या फलाटावर डब्ल्यूपी शोधू नका. ते शोधायचं तर भुसावळच्या पुढच्या, मध्य भारतातल्या जुन्या लोकांच्या आठवणीत शोधा, ती माणसंही आता थोडी उरलीत.

ब्रॉडगेजवर रोजची वाफेची गाडी डिसेंबर 1995 ला बंद झाली, फिरोजपूर-जालंधर लाईनवर, आणि तिच्या पुढे होतं ते डब्ल्यूएल, तिसरं भावंड, हलक्या रुळांसाठी बनवलेलं. मी तेव्हा डिझेलवर होतो. डिझेल वाईट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, डिझेलने माझी पाठ वाचवली, माझ्याबरोबरच्या कितीतरी फायरमनची फुफ्फुसं वाचवली. वाफेचं कौतुक करताना त्या माणसांचं खोकणं विसरू नका.

शेवटी ज्यांना स्वतः बघून ठरवायचंय त्यांच्यासाठी. हरियाणात रेवाडीची स्टीम शेड आहे, दिल्लीहून जवळ. तिथे गेलात तर पुढून फोटो काढा, सगळेच काढतात, मीही काढला. मग इंजिनाच्या कडेकडेने मागे चालत जा, तिसऱ्या मोठ्या चाकाच्या मागे थांबा आणि खाली वाका. तिथे लहान चाकाच्या वर फायरबॉक्स दोन्ही बाजूंना बाहेर आलेला दिसेल, चाकांच्या रेषेच्याही बाहेर, खाली राखेची पेटी. फूटप्लेटवर चढू दिलं तर फायरबॉक्सच्या दारातून आत टॉर्च मारा आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे बघा, किती लांब आहे तो. तिथपर्यंत कोळसा पोचवायला फावडं दाराच्या कडेला आपटून थांबवावं लागतं, म्हणजे कोळसा एकटा पुढे उडतो. माझ्या उजव्या मनगटाला अजून थंडीत तिथेच दुखतं.